मुक्त आज्ञावली, कॉपीलेफ्ट आणि कंपन्यांचे औदार्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एचएसआर लेआउट, बंगळूर येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा दक्षिणेतील इतिहास अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्त्यांची व्याख्याने झाली. त्यांच्या पाठोपाठ माझ्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकराने संगणकाच्या परवान्यांवर बोलण्यास उभे राहावे, हे आपणांस काहीसे विचित्र वाटले तर त्यात नवल नाही. मी अभियंता नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे. माझी तीस वर्षे निविदा, करारनामे आणि टिपणे यांत गेली आहेत. तथापि आजचा विषय यंत्राचा नसून मुळात कराराचाच आहे, आणि म्हणूनच तो स्वीकारण्याचे धाडस मी केले.

या विषयास निमित्त घरातलेच आहे. आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गासाठी आपल्यातील पाचसहा तरुणांनी मुलांना वाचन शिकविणारे एक ॲप तयार केले, हे आपण जाणताच. आता एका कंपनीने ते मागितले आहे. कंपनी म्हणते, आम्ही ते सुधारू, मोठे करू, हजारो शाळांत नेऊ. मात्र त्याचा परवाना आम्हांला मोकळा हवा, अटी नकोत. कार्यकारिणीत यावर दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, विद्येला कुंपण कशाला? द्यावे आणि मोकळे व्हावे. दुसरा तट म्हणतो, उद्या आपल्याच मुलांना आपलेच ॲप विकत घ्यावे लागेल. दोन्ही पक्षांकडे विचारी माणसे आहेत आणि त्यांपैकी काही आज पहिल्याच रांगेत बसली आहेत. तेव्हा जपून बोलले पाहिजे.

प्रथम एका शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत, आणि त्यापायी तिकडील मंडळींना गेली चाळीस वर्षे खुलासे करीत बसावे लागले आहे. मराठीला ही अडचण नाही. फुकट वेगळे, मुक्त वेगळे. मुक्त आज्ञावली म्हणजे जी वापरण्याचे, तिच्या आतील रचना अभ्यासण्याचे, तिच्यात बदल करण्याचे आणि मूळ अथवा बदललेली प्रत दुसऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य घेणाऱ्यास असते ती. तिचे पैसे घेण्यास कोणाची मनाई नाही.

हे स्वातंत्र्य उपभोगायचे तर आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे ज्याला आपली मुले ‘सोर्स कोड’ म्हणतात ते, हाती असावे लागते. ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांनी पंचांगाचे उदाहरण घ्यावे. यंदाचे छापील पंचांग भिंतीवर टांगलेले असले की तिथी, नक्षत्र, ग्रहण सर्व काही समजते. परंतु त्यावरून पुढील वर्षाचे पंचांग आपणांस काढता येत नाही. त्यासाठी पंचांगकर्त्याजवळची गणिताची कोष्टके हवीत. दुकानात मिळणारी बंद आज्ञावली हे छापील पंचांग. मूळ संहिता ही कोष्टके. ज्याच्यापाशी कोष्टके, त्याच्या दारी दरवर्षी जाणे आले.

मी हे पुस्तकी सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो तेथे आवक-जावक आणि देयकांची नोंद ठेवण्यासाठी एका कंत्राटदाराकडून संगणकीय व्यवस्था करवून घेतली होती. ती चालली उत्तम. पुढे नियम बदलला आणि देयकात एक नवा रकाना आवश्यक झाला. एक रकाना! कंत्राटाची मुदत संपलेली, मूळ संहिता कंत्राटदाराजवळ, आणि ती आमच्या स्वाधीन करण्याविषयी करारात एक ओळही नाही. त्याने मागितलेली रक्कम पाहून लेखा विभागाने हात वर केले आणि अखेरीस दोन लिपिकांनी कित्येक महिने जुन्या नोंदी नव्या व्यवस्थेत हाताने चढविल्या. त्यांतील एकाला चष्म्याचा नंबर वाढल्याचे आजही आठवते. जनतेच्या पैशाने घडविलेली वस्तू जनतेच्या कार्यालयाला दुरुस्त करता येऊ नये, याचे वैषम्य त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

असेच वैषम्य अमेरिकेतील एका गृहस्थास वाटले होते. एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी तेथील जुन्या मुद्रणयंत्राच्या आज्ञावलीत स्वतः भर घातली होती. कागद अडकला की यंत्र वापरणाऱ्यांना सूचना मिळे. नंतर झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले, पण त्याची मूळ संहिता मिळेना. कागद तर पूर्वीसारखाच अडके. या चिडीतून १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली आणि १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’, संक्षेपाने जीपीएल, हा परवाना सिद्ध केला. १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, २००७ मध्ये तिसरी.

या परवान्यातील युक्ती मोठी मार्मिक आहे आणि ती कायदा जाणणाऱ्यास अधिक भावते. आपल्या मराठी पुस्तकांच्या मागील पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असते. एखाद्या उदार लेखकास वाटले की हक्क नकोत, तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या २१ व्या कलमाने त्याला ते सोडूनही देता येतात. परंतु सोडून दिलेल्या वस्तूचे काय होते? कोणीही यावे, ती उचलावी, तीत दोन खिळे ठोकावेत आणि आपल्या नावाची पाटी लावून बंद पेटीत विकावी. स्टॉलमन यांनी हक्क सोडले नाहीत. ते घट्ट धरून ठेवले, आणि त्या हक्कांच्या बळावर अट घातली: ही आज्ञावली घ्या, वापरा, बदला, विका, पण बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा तिची मूळ संहिता त्याला द्या आणि जे स्वातंत्र्य मी तुम्हांला दिले तेच त्यालाही द्या. कॉपीराइटचे हत्यार त्याच्या नेहमीच्या कामाच्या उलट दिशेने फिरविले म्हणून या पद्धतीस ‘कॉपीलेफ्ट’ असे थट्टेचे नाव पडले. उजव्याचे डावे केले, इतकेच.

आपल्याकडे देवस्थान इनामाची जमीन असते. पुजाऱ्याने ती कसावी, उत्पन्न खावे, विहीर पाडावी, बांध घालावा. पण ती त्याला विकता येत नाही, कारण ती देवाची. कॉपीलेफ्टची आज्ञावली बव्हंशी अशीच असते. याउलट बीएसडी, एमआयटी, अपाची या नावांचे जे परवाने आहेत ते मोकळे परवाने होत. मूळ लेखकाचे नाव ठेवा, बाकी हवे ते करा, बंद पेटीत घातले तरी चालेल, असा त्यांचा भाव. ॲपलच्या संगणकांच्या प्रणालीत बीएसडी कुळातील पुष्कळ संहिता आहे आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्राची प्रणालीही त्याच कुळातील. या कंपन्यांनी परवाना मोडला असे कोणी म्हणणार नाही. त्यांना तशी मुभाच होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. नफ्यासाठी स्थापन झालेल्या कंपन्या आपल्या पगारी माणसांचे श्रम मुक्त आज्ञावलीस का देतात? आणि कोणत्या परवान्याखाली अधिक देतात?

व्यवहारी माणसाचे पहिले उत्तर असे की, अट घातली की कंपनी पळते. याला पुरावा आहे. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती, कारण जीपीएलची अट शेजारच्या संहितेला ‘लागते’ अशी भीती होती. ॲपलने जीपीएलची तिसरी आवृत्ती आल्यावर त्या परवान्याच्या वस्तूंपासून अंग काढून घेतले. बॅश या आज्ञापालाची जुनीच आवृत्ती वर्षानुवर्षे ठेवली आणि २०१९ मध्ये त्याच्या जागी मोकळ्या परवान्याचा झेडशेल मुख्य केला. गुगलमध्ये एजीपीएल नावाच्या परवान्याची संहिता वापरण्यास अंतर्गत मनाई आहे. या लेआउटमध्ये सत्ताविसाव्या मेन रोडवर चहाच्या दुकानाशी उभे राहून कोणाही तरुण अभियंत्यास विचारा. त्यांच्या विधी विभागाने ‘हे परवाने चालतील, हे चालणार नाहीत’ अशी यादी दिलेली असते, आणि नको असलेल्यांत जीपीएल असण्याचा संभव बराच.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती समजण्यासाठी मी आपणांस क्षणभर खानदेशात नेतो. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. कोणत्या फडात कोणते पीक ते सर्वांनी मिळून ठरवायचे, पाणी पाटकऱ्याने द्यायचे, आणि पाटाची दुरुस्ती व सफाई यांचा भार लाभधारकांनी वाटून घ्यायचा. येथे शेतकरी वाटा देतो तो केवळ परोपकारबुद्धीने नव्हे. आपण गाळ काढला तर शेजारीही काढील, आणि आपण राखलेले पाणी कोणी एकटा आपल्या शेतात कायमचे वळवून नेणार नाही, या खात्रीने तो देतो. ती खात्री गेली की कुदळ खांद्यावरून उतरते.

लिनक्सच्या बाबतीत हेच घडले असे माझे मत आहे. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिलेल्या या प्रणालीगाभ्यास १९९२ मध्ये जीपीएल परवाना मिळाला. आज त्यात इंटेल, आयबीएम, गुगल, रेड हॅट, हुआवे अशा परस्परांच्या गळ्याला नख लावणाऱ्या कंपन्यांचे अभियंते शेजारी बसून काम करतात. इंटेलने दिलेली सुधारणा प्रतिस्पर्धी वापरील, हे इंटेलला ठाऊक असते. पण तो ती बंद करून इंटेलवरच उलटवू शकणार नाही, हेही ठाऊक असते. बीएसडीची प्रणाली तर लिनक्सच्या आधीची आणि गुणांनी कमी नव्हे. परंतु तिला वाटा देणाऱ्यांचा एवढा मेळा जमला नाही. याला त्या काळचे कोर्टकज्जेही कारण झाले, सर्व श्रेय परवान्यास देणे न्याय्य होणार नाही. तरीपण पाटकऱ्याचा भाग त्यात निश्चित आहे.

आणि अट घातल्याने हाती काय पडते, याची रोकडी उदाहरणेही आहेत. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने जीसीसी या जीपीएल संकलकाला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेचा जोड दिला आणि तो वेगळा व बंद ठेवण्याचा विचार केला. फाउंडेशनने हरकत घेतली. कंपनीने तो जोड खुला केला. २००३ मध्ये लिंकसिसचा डब्ल्यूआरटी-५४-जी हा घरगुती राउटर बाजारात गाजत होता. त्यात लिनक्स असल्याचे लोकांनी ओळखले, संहितेची मागणी झाली, आणि सिस्कोच्या मालकीच्या झालेल्या त्या कंपनीस ती प्रसिद्ध करावी लागली. त्या संहितेच्या पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. तो आज जगातील असंख्य राउटरांत आहे. आणि कर्करोगाची उपमा देणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच २००९ च्या जुलैत आपल्या हायपर-व्ही व्यवस्थेची सुमारे २०,००० ओळींची संहिता जीपीएलखाली लिनक्सला दिली. त्या संहितेत जीपीएलचे काही भाग मिसळले असल्याकडे एका अभियंत्याने लक्ष वेधले होते, ही गोष्ट त्या दानपत्रात अर्थातच ठळकपणे नव्हती.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे, कारण कार्यकारिणीच्या सभेतही तो दोन्ही बाजूंनी व्यक्त झाला. जीपीएल कोणालाही ‘मूळ लेखकास सुधारणा परत पाठवा’ असे सांगत नाही. ज्याला तुम्ही प्रत दिलीत त्याला संहिता द्या, एवढीच त्याची आज्ञा आहे. कंपनीने आज्ञावली स्वतःच्या कचेरीत बदलून स्वतःच वापरली तर तिच्यावर काहीही बंधन येत नाही. कायद्याने संहितेचा ढीग मिळतो. त्यासोबत ‘हे असे का केले’ हे समजावून सांगणारा माणूस मिळत नाही. अनेक कंपन्या परवान्याची अक्षरशः पूर्तता म्हणून असा ढीग कोठेतरी टाकून मोकळ्या होतात आणि तो निस्तरण्यापेक्षा नव्याने लिहिणे बरे, असे जाणकार म्हणतात. खरे योगदान म्हणजे सुधारणा नीट मांडून मूळ प्रकल्पात सामील करवून घेणे, आणि ते कंपनी करते स्वार्थापोटी: आपला बदल मूळ प्रवाहाबाहेर ठेवला तर प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी तो पुन्हा बसवावा लागतो आणि त्याचा खर्च कधी संपत नाही. म्हणूनच अपाची परवान्याखालील कुबरनेटिस, तसेच पोस्टग्रेस यांना कोणतीही सक्ती नसताना कंपन्यांचे भरघोस साह्य मिळते. ज्या वस्तू सर्वांना लागतात आणि ज्यांच्या बळावर कोणी एकटा बाजी मारू शकत नाही, तेथे मोकळा परवानाही पुरतो. ज्या वस्तूला कुंपण घालून नफा काढता येतो तेथे तो पुरत नाही. माझा निष्कर्ष आपणांस पटलाच पाहिजे असा आग्रह नाही.

ही सारी चर्चा पेटीत घालून दिलेल्या आज्ञावलीची झाली. आपल्या परिसरात मात्र पेटी कोणी विकत नाही. होसूर–सरजापूर रोड या नावाच्या आद्याक्षरांवरून ज्याला एचएसआर म्हणतात त्या या वसाहतीत आज जे नवे उद्योग निघतात, ते बहुधा सेवा विकतात. आज्ञावली त्यांच्याच सर्व्हरवर राहते, गिऱ्हाईक दुरून वापरते. प्रत दिलीच नाही, मग संहिता देण्याचा प्रश्नच कोठे येतो? जीपीएलमधील ही फट बुजविण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती निघाली. बदललेली आज्ञावली तुम्ही जाळ्यावरून लोकांना वापरू देत असाल तर त्यांनाही संहिता द्या, अशी तिची जादा अट आहे.

परंतु मोठ्या मेघसेवा कंपन्यांपुढे काहींना तीही अपुरी वाटली. मोंगोडीबीने २०१८ मध्ये एजीपीएल सोडून स्वतःचा अधिक कडक परवाना लिहिला. इलास्टिकने २०२१ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये मोकळे परवाने सोडून तोच मार्ग धरला. मुक्त आज्ञावलीच्या संस्थांनी या नव्या परवान्यांना मुक्त मानले नाही. रेडिसवर काम करणाऱ्या इतर कंपन्यांच्या अभियंत्यांनी लागलीच जुन्या संहितेवरून वाल्की नावाची वेगळी चूल मांडली. पुढे इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये पुन्हा एजीपीएलचा पर्याय दिला. यातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: एकाच कंपनीच्या हाती सर्व लेखकांचे हक्क एकवटलेले असले की ती परवाना एका रात्रीत बदलू शकते. लिनक्समध्ये हजारो लेखकांनी आपापले हक्क आपल्याजवळ ठेवलेले आहेत, म्हणून त्याचा परवाना बदलणे जवळजवळ अशक्य. तेव्हा परवान्याचे नाव पाहून स्वस्थ बसू नये. हक्क कोणाच्या नावावर आहेत, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हेही पाहावे.

आपल्या मराठीशी या विषयाचा संबंध काय, असे मघाशी एका वडीलधाऱ्या काकूंनी मला विचारले. संबंध अक्षरशः अक्षरांचा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या श्रीलिपीच्या निर्मात्या कंपनीने पुरविलेले भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ या नावाने जीपीएलखाली प्रसिद्ध केले. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅटच्या टोपीचाच रंग. लिनक्सवर देवनागरी नीट दिसू लागली ती बहुतेकांना प्रथम याच फॉन्टांतून. पुढे रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी त्यांची देखभाल केली आणि मराठी वळणाचा ल व श यांचीही सोय झाली. हिंदी वळणाचा ल पाहून ज्यांच्या कपाळावर आठी पडते, त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको. संहिता खुली नसती तर पुण्यातील कोणी मनात आणूनही तो ल बदलू शकला नसता.

फॉन्टला जीपीएल लावण्यात मात्र एक पेच असतो. पत्र लिहिले, त्यात फॉन्ट गुंफून पाठविले, तर ते पत्रही जीपीएलखाली आले काय? यासाठी परवान्यास अपवाद जोडावा लागतो. २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून ओपन फॉन्ट लायसन्स करण्यात आला. हा परवाना खास फॉन्टांसाठी आहे. फॉन्टवरून केलेला नवा फॉन्ट त्याच परवान्याखाली राहिला पाहिजे. पण त्यातून छापलेल्या मजकुरावर कसलेही बंधन नाही. कॉपीलेफ्टच, पण मापात शिवलेले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्टही याच परवान्याखाली आहेत.

उद्योगाचे उदाहरण हवे असल्यास मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे घ्यावे. रुशभ मेहता यांनी उभारलेल्या या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही हिशेब, साठा व कारखानदारी सांभाळणारी आज्ञावली जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, तर जिच्या पायावर ती उभी आहे ती फ्रॅपे चौकट एमआयटी परवान्याखाली मोकळी आहे. पाया मोकळा ठेवला, जेणेकरून त्यावर कोणीही आपले घर बांधावे. स्वतःचे घर मात्र कोणी गिळंकृत करू नये म्हणून त्याला अट घातली. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. आपल्याच शहरातील झिरोधा या दलाली पेढीने २०२४ च्या ऑक्टोबरात जगभरातील मुक्त प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलर देण्याचा निधी जाहीर केला. सक्ती न करता पैसे देणारी कंपनी विरळा, म्हणून नोंद केली. आणि येथून सिल्क बोर्ड चौक ओलांडून होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक्स सिटीत गेले की आयआयआयटी ही संस्था लागते. तेथे २०१८ पासून घडलेली मोसिप ही ओळखपत्र-व्यवस्था फिलिपिन्स, मोरोक्को आदी देशांनी स्वीकारली आहे. तिचा परवाना मोझिलाचा. त्याची रीत अशी की, ज्या संहिताफाइलीत बदल कराल ती खुली ठेवा, शेजारी स्वतःची वेगळी फाइल जोडाल तर ती तुमची. सरकारे आणि कंत्राटदार कंपन्या दोघेही नांदू शकतील असा हा मधला मार्ग आहे.

सरकारविषयी माझ्या मर्यादेत राहून एवढेच सांगतो. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त स्रोत आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी सरकारी आज्ञावलींची संहिता खुली करण्याचेही. २०२० च्या मे महिन्यात आरोग्य सेतूची संहिता खुली झाली ती अपाची या मोकळ्या परवान्याखाली. माझे वैयक्तिक मत असे की, जनतेच्या पैशाने घडलेल्या वस्तूस देवस्थान इनामाची अट अधिक शोभते. याउलट, कंपन्यांनी वापरावे म्हणूनच जी मानके सरकार घडविते, त्यांस मोकळा परवानाच योग्य. परवाना कोणताही असो, कंत्राटदाराकडून मूळ संहिता आणि तिचे हक्क करारातच लेखी घ्यावेत. हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते, हे कायद्याचे १९ वे कलम सांगते, आणि तोंडी आश्वासनाची किंमत ते दोन लिपिक सांगू शकतील.

आता आपल्या ॲपचे. माझी सूचना मंडळापुढे ठेवतो. ॲपच्या संहितेस एजीपीएल लावावा, कारण हे ॲप उद्या कोणी दुरून चालणारी सेवा म्हणून विकेल अशीच शक्यता अधिक. वाचनपाठांचा मजकूर आणि ध्वनिमुद्रणे यांना आज्ञावलीचा परवाना बसत नाही. त्यांना विकिपीडियाचा ‘श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा’ हा परवाना लावावा, म्हणजे मराठी विकिपीडियाशी देवघेवही करता येईल. कंपनीने यावर नाही म्हटले तर? म्हणू शकते. तिला ठरावीक मुदतीचा वेगळा परवाना मोबदला घेऊन देण्याचा मार्ग मंडळाला मोकळा आहे, मात्र त्याला सर्व लेखकांची संमती हवी. आणि ती कंपनी खरोखर हजारो शाळांत जाणार असेल, तर सुधारलेली संहिता त्या शाळांना देण्यात तिचे काय जाते, हा प्रश्न तिलाच नम्रपणे विचारावा. तिच्या उत्तरावरून पुष्कळ कळेल.

पण त्याआधी एक गाठ सोडविली पाहिजे आणि ती आपल्या तरुण मित्रांच्या गळ्याशी आहे. कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीस साहित्यकृतीचा दर्जा मिळाला आणि १७ व्या कलमाप्रमाणे, नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, मालक कंपनीच असतो. रविवारी घरी बसून लिहिलेली संहिता नोकरीच्या ओघातली नव्हे, असे आपण म्हणू. परंतु येथील कित्येक कंपन्यांच्या नेमणूकपत्रांत याहून व्यापक कलमे असतात, आणि संगणक कंपनीचा होता की स्वतःचा, हाही मुद्दा उपस्थित होतो. जी वस्तू आपली आहे की नाही याचीच खात्री नाही, तिला आपण परवाना कसा लावणार? तेव्हा पाचसहाही जणांनी आपापली नेमणूकपत्रे काढून वाचावीत. ज्यांच्या पत्रात तसे कलम आहे त्यांनी कंपनीकडून ना-हरकत पत्र मागावे. मागितले तर ते पुष्कळदा मिळते, असा माझ्या परिचितांचा अनुभव आहे.

ना-हरकत पत्राचा एक नमुना आणि लेखकांच्या संमतिपत्राचा एक, असे दोन मसुदे मी मराठीत व इंग्रजीत तयार करून चिटणीसांच्या स्वाधीन केले आहेत. संमतिपत्रात हक्क मंडळाच्या नावे करण्याचे कलम मी जाणूनबुजून घातलेले नाही. ते ज्याचे त्याच्याजवळ राहावेत, आणि त्याचे कारण मी वर सांगितलेच आहे. यावर कार्यकारिणीत मतभेद होतील, तसे ते व्हावेतही. पुढील सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मराठी वर्ग सुटल्यावर आहे. कंपनीच्या प्रतिनिधींनाही तिचे निमंत्रण गेले आहे, आणि त्यांनी येण्याचे कबूल केले आहे.